मेन बोर्डाच्या कपाटातलं पीठ

आम्ही बौद्ध. नजर लागणं, अंगात येणं... आमच्या घरी कुणीच मानलं नाही, मीही नाही. या ग्रुपवरचे तुमचे असले अनुभव मी चहाबरोबर वाचते, करमणूक म्हणून. तरी हे लिहायला बसलेय.

ऑकलंडला सँडरिंगहॅममध्ये माझ्या मुलाचं, रोहनचं, जुनं लाकडी घर आहे. मागच्या हिवाळ्यात इडलीचं पीठ काही केल्या फुगेना. मग मला जागा सापडली — पॅसेजमधलं कपाट, ज्यात घराचा विजेचा मेन बोर्ड आहे. आत काय छान ऊब! स्टीलचा डबा शालीत गुंडाळून बोर्डाला टेकवायचा, सकाळी पीठ काठोकाठ. सून प्रज्ञा हसायची, "आई, तुम्ही पिठाला फुकटचा हीटर शोधलात!"

एका रविवारी सकाळी डबा काढला, तर बर्फासारखा गार. बाहेरून दव धरलेलं. पीठ आदल्या दिवशी वाटलं तसंच, एक बुडबुडा नाही.

नात इरा म्हणाली, "आजी, यू हॅड इट इन द फ्रिज!"

"अगं, आत्ता तुझ्यादेखत काढला ना कपाटातून?"

ऊब गेली की काय, म्हणून मी बोर्डाला तळहात लावला... आणि किंचाळलेच. तव्यासारखा तापलेला! शालीची कडसुद्धा करपली होती. आणि त्याच भिंतीला पलीकडून इराचा पलंग.

रोहननं धावत येऊन मेन स्विच बंद केला, इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं. आतली एक जाड वायर स्क्रूपाशी सैल होऊन पार काळी पडली होती.

"बोर्ड कोमट लागला तरी लगेच बोलवायचं," तो मला समजावत म्हणाला. "आणि इथे कपडा, कागद, काही म्हणजे काही ठेवायचं नाही."

हिवाळाभर ज्या उबेचं कौतुक केलं, ती ही!

रोहननं विचारलं, "अजून किती दिवस टिकलं असतं?"

तो म्हणाला, "दिवस?" आणि पलंगाच्या भिंतीकडे बघत राहिला.

करपलेल्या शालीतला डबा गार कसा, हे मी त्यालाही विचारलं. त्यानं खांदे उडवले. रोहन म्हणतो, तू विसरलीस, फ्रिजमधूनच काढलास. पण कपाटातून काढताना इरानं पाहिलंय.

पीठ फुगलं असतं तर मी डबा घेऊन सरळ ओट्याशी गेले असते. बोर्डाला हात लावायचं मला कारणच नव्हतं. याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही. कुणाला शास्त्रानं सांगता आलं तर सांगा... मी आनंदानं मानेन.