ओंडका आधी, घोडे मागून

मले वाटलं, कांताबाईचं कुठंतरी सूत जुळलं. हसू नका! पन्नाशीले टेकलेली बाई भरदुपारी कुडाआड बसून फोनात म्हणते, "पूनमसिंग, मी सांगन तवाच दरवाजा उघडजो," तर माणसाले दुसरं काय वाटावं? दोन दिवस गुपित पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी पोटच दुखाले लागलं, म्हणून तिलेच विचारलं.

तिनं फोन माह्या नाकापुढं धरला. आत लढाईचा खेळ: किल्ला, बुरूज, घोडे, मुंगीएवढे भालेवाले. "हा माहा किल्ला, मावशी. पूनमसिंग दिग्रसचा टेलर हाय. आमच्या टोळीचा म्होरक्या." एकमेकाचं तोंड नाही पाह्यलं, अन् दोघं मिळून लढाया करून राह्यले!

कांताबाई म्हणजे आमच्या राळेगावकडच्या गावची मुकादम. चौदा बाया कापूस वेचाले न्यायची. कोणती बाई कोणत्या ओळीले लावाची, कोण दुपारनंतर ढिली पडते, सारं तोंडपाठ. सगळ्यात ढिली मी. गुडघे! बाकीच्या आठले निघत, मले कांताबाई सव्वासातलेच हाकलायची. "निघ मावशी, आम्ही येतो मागून." दहा वर्सं मी यावर भांडली. मी काय लंगडी हावो? जाईन तर सगळ्यायसंग जाईन!

मंग ते सतराचं साल आलं. बोंडात गुलाबी अळी. दिवाळीनंतर एकच वेचा झाला अन् लोकायनं उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडले. बाया पांगल्या, कोणी नागपूरले विटा उचलाले, कोणी लेकीकडं. तिले मुकादम म्हणणारं कोणी उरलं नाही. तिची लेक पायल यवतमाळले नर्सिंग शिकते. आईचा जीव रमावा म्हणून तिनं हा खेळ फोनात टाकून देला. रमला कसला, बाईनं भाजी जाळाले सुरुवात केली! मी कढीपत्ता मागाले जावं, तर म्हणे, "थांब, वेढा पडला हाय."

टोळीनं तिले सेनापती केलं, अन् पहिल्याच मोठ्या हल्ल्यात तिनं काय करावं? टोळीतल्या चाळीस जणायनं फौजा धाडल्या. अर्ध्या वाटंवर पोचल्या, एक वाजला, अन् या बाईनं आपली फौज माघारी बोलावली. काहून? "जेवाची वेळ झाली होती ना, मावशी." तिच्या हाताखालची बाई कधी उपाशी राबली नाही, मंग भालेवाले कायले राबतीन? आता बोला! बाकीचे सारे मार खाऊन परतले. पूनमसिंग फोनवर असा कडाडला का माह्या कोंबड्या भेल्या. "कांताबाई, इतवारको आखरी मौका. हारे तो सेनापती दुसरा."

कांताबाईनं फोन ठेवला अन् भाजी निवडाले बसली. पण दोन दिवस माह्याकडं चहाले आली नाही, तवा मले समजलं. चाळीस माणसं तिचं ऐकत होते. हेही गेले, तर मंग कोण?

रविवारी मी तुरीच्या शेंगा घेऊन तिच्याच ओट्यावर बसली. दुश्मनाच्या किल्ल्यावर चारले धडकाचं होतं. कांताबाईनं बारालेच ओंडका धाडला, दरवाजा फोडाचा.

"अरे बाई, पहले घोडे भेजो!" फोनातून पूनमसिंग बोंबलला.

"घोडे अर्ध्या तासात पोचते. बंद दरवाजापुढं उभे राहून काय करतीन, बाण खातीन? ओंडक्याले चार तास लागते. त्याच्यासंग जोडले तर घोडेही त्याच्याच चालीनं रखडते. म्हणून ओंडका आता, पायदळ दोनले, घोडे साडेतीनले. सारे चारले एकदम."

"सेनापती कौन है, तू या मैं?"

"इतवारपर्यंत मी. अन् आज इतवारच हाय."

एक वाजला. मी म्हटलं, "काय व कांते, जेवाले नाही बोलावत?"

"डबे देऊन धाडले," म्हणे. वर पाह्यलंही नाही.

चारले दरवाजा फुटला अन् त्याच घडीले घोडे आत. माह्या शेंगा ओट्यावर सांडल्या. किल्ला आपला! पूनमसिंगनं फोनातून टाळ्या वाजवल्या. मंग म्हणे, "मान गये, मुकादम."

कांताबाई वळून माह्याकडं पाहाले लागली. हा शब्द त्याले कोणं सांगतला? मले काय माहीत! एक दिवस तिचा फोन माह्या हाती होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी राळेगावचा बाजार. फाट्यावर एसटी दहाले. कांताबाई दारात हजर. "मावशी, सव्वानवले निघ."

"काहून? संगंच जाऊ."

"तू ओंडका हायेस."

"मी ओंडका? मले ओंडका म्हणतं व?"

"काल ओंडक्याबिगर दरवाजा फुटला असता काय? तूच सांग."

मी बाजाराची पिशवी उचलली. दहा वर्सात पहिल्यांदा भांडली नाही. चप्पल घातली अन् चालाले लागली.

फाट्यावर मी, कांताबाई अन् एसटी, तिघी एकदमच पोचलो.