सतारीची टीपी आहे का?

फॉरेस्टच्या नाक्यावर ड्युटी लागली की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते स्वतःच हॉर्न वाजवत येतात! आमचा नाका गोंडपिपरीच्या पुढे, ऐन जंगलात. लाकूड-बांबू घेऊन कोणीही निघालं की वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी, दाखवायचा आणि मगच फाटक उघडायचं. मी तिथली वनरक्षक आणि माझे वरिष्ठ देवाजीभाऊ वनपाल. या माणसाने आयुष्यात विनापरवाना काडी सोडली नाही. माणसाचं तोंड मात्र ते बघतच नाहीत, थेट डिकी बघतात. आणि हेमलकशाकडे, तेलंगणाकडे जाणारे भलेभले कलावंत नेमके याच रस्त्याने जातात.

*

एकदा एक जगप्रसिद्ध बासरीवादक आले. डिकीत लांब पेटी, पेटीत चौदा बासऱ्या.

"बांबू नग चौदा. टीपी?"

"अहो, या बासऱ्या आहेत."

देवाजीभाऊंनी एक उचलली, उन्हात धरली, एक डोळा मिटून आरपार पाहिलं. मग कळवळून म्हणाले, "सारा माल किडीनं पोखरला हाय जी! कोनं फसवलं तुमाले? म्याडम, जाऊ द्या यायले."

दुसऱ्या दिवशी पेपरात त्या बासरीवादकांचा फोटो आला. देवाजीभाऊंच्या पत्नी शेवंताबाई संगीताच्या भारी शौकीन. "एवढा मोठा मानूस दारात आला अन् तुमी एक फोटो नाई काढला?" त्या दिवसापासून देवाजीभाऊंच्या डब्यातली भाजी बंद झाली.

*

मग सतारवाले पंडितजी आले. देवाजीभाऊंनी टेप काढून दांडी मोजली आणि भोपळ्यापाशी अडले.

"हे काय होय जी?"

"भोपळा."

"खरा?"

"खरा. वाळवलेला."

भाऊ मोठ्या पेचात पडले. शेवटी त्यांच्या सांगण्यावरून मी रजिस्टरमध्ये लिहिलं: वरचा भाग वनोपज, खालचा भाग शेतमाल. शेतमालाला टीपी लागत नाही, त्यामुळे अर्धी सतार लगेच सुटली. उरलेल्या अर्धीसाठी साहेबांना फोन लावावा लागला!

डब्यातलं वरणही गेलं. उरला कोरडा भात.

*

तबल्याचे उस्ताद आले तेव्हा वाद्यं मागच्या गाडीत होती. ती येईपर्यंत ते नाक्यावरच्या डांबराच्या रिकाम्या ड्रमवर बोटं चालवत उभे राहिले. काय हात होता! माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात देवाजीभाऊ बाहेर आले.

"भाऊ, काऊन वाजवून राह्यले? सरकारी ड्रम हाय, पोचा पडन."

उस्तादांनी चक्क माफी मागितली.

हे मीच शेवंताबाईंना फोनवर सांगितलं, चूक माझी. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आला. झाकणाला आतून त्यांच्या सगळ्यात लाडक्या गायिकेचा पेपरातला फोटो डकवलेला, खाली चिठ्ठी: "ही तरी ओळखा. तोवर उपास." पुढचे तीन आठवडे देवाजीभाऊ माझ्या डब्यावर जगले. अर्धी उपाशी मीही होते.

*

आणि एका दुपारी ती गायिका खरंच आली!

गाडीची काच खाली झाली. देवाजीभाऊंनी प्रथमच डिकीआधी तोंड पाहिलं. धावत आत गेले, झाकण आणलं आणि तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. तेच नाक, तीच टिकली! भाऊंचे डोळे भरून आले.

"बाई, माह्या घरी तुमची लई भक्ती हाय. एक फोटो काढू द्या ना जी."

"काढा की!" म्हणत ती उतरली. तोवर भाऊंच्या हाताने सवयीने डिकी उघडली होती.

आत सागवानाचा ओंडका. कुठल्याशा गावाने सत्कारात दिलेला, सालीसकट, वर तिचं नाव कोरलेलं. टीपी नाही.

देवाजीभाऊ मटकन खाली बसले. एकदा झाकणाकडे बघत, एकदा ओंडक्याकडे.

"भाऊ, एवढ्या वेळी सोडा ना," मी हळूच म्हटलं. मलाही माझा डबा परत हवा होता.

"नाई म्याडम. नियम हाय." ते उठून गायिकेकडे वळले. "बाई, माफ करा. जप्त करा लागते. मालावर मालकाचं नावच कोरलं हाय, मी तरी काय करू?"

ती पोट धरून हसली. "करा जप्त. पण मग फोटोचं काय?"

"जप्तीचा फोटो तर काढाच लागते," देवाजीभाऊ डोळे पुसत म्हणाले. "कायद्यातच हाय."

दुसऱ्या दिवशी डब्यात पातोडीचा रस्सा होता, माझ्यासाठीही. शेवंताबाईंच्या बैठकीत तो फोटो फ्रेम करून लावलाय. तिघंही झकास आलेत. खाली देवाजीभाऊंच्या सरकारी अक्षरात लिहिलंय: "डावीकडून: माल, आरोपी, वनपाल."