कूलरखालचा पापुद्रा

आमच्या रूसे शहरात माणूस गेला की त्याचा फोटो घातलेला स्मरणकागद दारावर लावतात. चाळिसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी एक, मग वर्षाला. आमच्या गल्लीचे हे सगळे कागद गिंकामावशी छापून देतात. कामाला चोख, पण तोंडाने फटकळ बाई.

त्या दिवशी त्या कॉम्प्युटर कडेवर घेऊनच माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. "मिस्त्री, हा मेला तापून बंद पडतो. आज यावोरला सहा महिने झाले. त्याचा कागद करायला घेतला, तर फोटो लावेपर्यंत गेला."

यावोर त्यांचा एकुलता एक मुलगा. हा कॉम्प्युटर त्यानेच जोडलेला, आणि तेव्हापासून तो असाच बंद पडायचा. एकदा गिऱ्हाइकं उभी असताना मावशी त्याला म्हणाल्या, "एक काम धड येत नाही तुला." पुढच्याच आठवड्यात तो जर्मनीला बांधकामावर निघून गेला. परत आला तो शवपेटीतून.

प्रोसेसर थंड ठेवणारा कूलरच बदलायचं ठरवलं, तर नवा निवडताना मावशी माझ्या उरावर बसल्या. त्यांना सगळ्यात उंच हवा. "अहो, कॅबिनेटचं झाकण लागायला नको का?" मी पट्टी लावून मोजलं आणि बुटका, मोठ्या पंख्याचा घेतला.

जुना कूलर सोडवला आणि मी कपाळाला हात लावला. त्याच्या बुडाला कारखान्यातला प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता. बसवण्याआधी तो काढायचा असतो, तसं त्यावर लिहिलेलंही असतं. घाईत राहतो, माझ्याकडूनही एकदा राहिलाय. मग प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचणार कशी? मावशींचं लक्ष नाही बघून मी तो खिशात घातला. प्रोसेसर पुसला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, नवा कूलर ठेवून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. तासभर चालवून पाहिला, बंद पडला नाही.

"काय चुकलं होतं त्याचं?" मावशींनी विचारलं.

"काहीच नाही. पोरानं चोख बसवला होता. कूलरच खराब निघाला."

मला वाटलं, बाईला बरं वाटेल. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे मी उगाच बोलले त्याला. चारचौघांत."

माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. मी घाईघाईने पापुद्रा काढून पुढे धरला. "खोटं बोललो, मावशी. हे बघा, हा काढायचा राहिला होता त्याच्याकडून."

त्यांनी धड पाहिलंही नाही. "राहू द्या, मिस्त्री. माझ्या समाधानासाठी आता त्याच्या माथी मारू नका."

निघताना त्यांनी पिशवीतून साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा पेला काढून दिला. सकाळी थडग्यावर वाटून उरलेला. ते तोंडात टाकताना गेलेल्याला देव क्षमा करो म्हणायचं असतं. मी म्हणालो.

"त्याला कशाला," मावशी म्हणाल्या, "मला म्हणा."