भावानं सांगितलेलं औषध

माझी भाची आठ वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. धाकटा भाऊ पातूरची शेती बायकोवर सोपवून तिला अमरावतीला, माझ्या घरी घेऊन आला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं एक इंजेक्शन जंतूंपासून बनतं, हे कळल्यावर तो माझ्यावरच उखडला.

"ताई, तू तर कॉलेजात जंतूच शिकवतं. बिमार पोरीले जंतू काहून देऊन राहिले?"

"जंतू नाही देत. त्यांच्यातून काढलेलं एन्झाइम देतात," म्हटलं आणि कागदावर आकृती काढून दिली. दहावीत दोनदा नापास झालेला माझा भाऊ तो कागद बराच वेळ बघत बसला. मग त्यानं एकामागून एक प्रश्न विचारले. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला पुस्तकात बघावी लागली.

महिन्याभरानं मी डबा घेऊन वॉर्डात गेले. धामणगावची एक बाई हेच इंजेक्शन नको म्हणून अडून बसली होती. तिला लेकीला घरी न्यायचं होतं. डॉक्टर समजावून थकले होते. भाऊ तिच्याशेजारी बाकावर बसला.

"हे पाहा बाई, रक्तात एक अन्न असते. आपल्या चांगल्या पेशी ते सोताच तयार करतात. कॅन्सरच्या पेशीले ते जमत नाही, ती रक्तातलंच खाते. हे औषध ते अन्नच खतम करते. मंग ती उपाशी मरते."

"दुखते का?"

"दुखते. मायी पोरगी लय रडली. कोणाकोणाले पुरळ येते, म्हणून सिस्टर तासभर इथंच बसवते."

"मंग बरी होईन का मायी पोर?"

"ते मी नाही सांगू शकत. मायी अजून होऊनच राहिली."

बाईनं संमतीच्या कागदावर सही केली. डॉक्टरांनी मला विचारलं, "हे काय करतात?"

"कापूस पिकवतात. माझा भाऊ आहे," मी म्हटलं. ते म्हणताना ऊर भरून आला होता.

भाचीचे उपचार दोन वर्षांहून जास्त चालले. मधे एकदा ताप उतरेचना, तेव्हा आम्ही सगळेच हादरलो होतो. आता ती आठवीत आहे, तपासणीला वर्षातून एकदा येते.

इतकी वर्षं मी वर्गात या एन्झाइमची व्याख्या लिहून द्यायचे. हल्ली भावाच्या शब्दांत सांगते, आणि ते कोणाचे शब्द आहेत हेही सांगते. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "वऱ्हाडीतच सांगतं ना?"