रेकॉर्ड त्याचं, नंबर तिचा

यार्डातल्या सगळ्यात उंच क्रेनवर बसणाऱ्याला सगळे घारमामा म्हणत. कोण काम चुकवतोय, कोण पाइपांमागे सिगारेट ओढतोय, वरून सगळं दिसायचं, आणि खाली उतरून मामा ते चवीने सांगायचाही. स्वतःचं मात्र झाकून ठेवायचं! गेल्या महिन्यात घरी जेवताना त्याला फीट आली. हॉस्पिटलने सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं, क्रेनवर चढू नका म्हणून बजावलं. मामाने बायकोला "कुणाला बोललीस तर माझी शपथ" म्हणून गप्प केलं आणि पुन्हा शिडी चढला. दुसरं काही येतच नव्हतं ना त्याला.

मग यार्डाच्या दवाखान्यात वार्षिक तपासणी निघाली. नर्स म्हणाली, "मामा, यंदा हॉस्पिटलचं रेकॉर्ड इथेच उघडतं. मोबाइलवर आकडा येईल, तो सांगा."

"नाही सांगितला तर?"

"तर नाही उघडणार. तुमचं रेकॉर्ड, तुमची मर्जी."

मामाला हायसं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गड्याने घोळ घालून ठेवला होता. क्रेनच्या केबिनमध्ये फोन न्यायला बंदी, म्हणून गॅसपासून हॉस्पिटलपर्यंत सगळीकडे त्याने बायकोचाच नंबर दिलेला. नर्सने बटण दाबलं आणि आकडा गेला थेट घरी.

"नंबर मामींचा दिसतोय. लावू का त्यांना?"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. "मीच लावतो," म्हणत त्याने टेबलावरचा फोन ओढला.

"आकडा आलाय," बायको म्हणाली. "सांगू?"

"नको. पुसून टाक."

ती म्हणाली, "अहो, रोज धाकट्याच्या हातात डबा देताना माझा जीव थाऱ्यावर नसतो."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. मामाच्याच क्रेनखाली उभा राहून हुकात साखळ्या अडकवायचा.

"त्याला काही होत नाही."

"हे तुम्ही म्हणताय, की डॉक्टर?"

मामाला राग आला. तिचा, नर्सचा, त्या मेल्या कॉम्प्युटरचा.

"रेकॉर्ड तुमचं आहे, कबूल," ती म्हणाली. "पण खाली माझा भाऊ उभा असतो. मी नर्सला काही सांगत नाही, तुम्हाला सांगते. पुढे तुम्ही आणि तुमचं मन." तिने आकडा वाचून दाखवला आणि फोन ठेवला.

खिडकीतून क्रेन दिसत होती. हुकाखाली धाकटा रिकाम्या केबिनकडे बघत मामाची वाट पाहत होता. मामाने नर्सला आकडा सांगून टाकला.

नर्सने वाचलं, पुन्हा वाचलं. "मामा, आता तुम्हाला वर सोडता येणार नाही."

"माहीत आहे." मामा खुर्चीतून उठला. "फक्त धाकट्याला हे मीच सांगतो."