पांढऱ्या बैलाची घंटी
हळकुंडांचा वास आला की वसमतचा बाजार आठवतो. धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बाजाराला जायला गाडी जुंपताना आईनं पांढऱ्या बैलाच्या गळ्यातली घंटी सोडून तिच्या कमरेला बांधली. शेजारीण हसली, "लेकराला जनावरावाणी घंटी काहून बांधून राहिली?" आई म्हणाली, "आपली हाक तिला ऐकू येत न्हाई. तिची तरी आपल्याला यावी!" बाजारात बहीण खरंच हरवली आणि तिथं तर शेकडो बैलांच्या घंट्या वाजत होत्या. आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात आमच्या पांढऱ्यानं कान टवकारून मान वळवली. स्वतःची घंटी त्यानं बराबर ओळखली होती. तिकडं धावलो, तर हळदीच्या पोत्यांमागं पिवळीधमक झालेली बहीण उड्या मारत होती! आज ती घंटी मी वाजवली की म्हातारी बहीण तिच्यावर तळहात टेकवते आणि मला खुणेनं सांगते, अजून जोरात.