पांढरं बाथरूम

तालुक्याच्या गावी, मूलला, रंगाच्या दुकानात दुकानदाराने शेडकार्ड उघडून समोर धरलं, तेव्हा आमच्या ह्यांचं बोट गुलाबीवर जाऊन बसलं होतं. मी ते उचललं. म्हटलं, "पांढरा द्या. भिंतीले पांढरा, दरवाज्याले बी पांढरा." दुकानदाराने दुसरं काही दाखवलंच नाही. आमच्या गावचं गिऱ्हाईक बाथरूमला पांढराच रंग मागतं, हे त्याला पाठ होतं.

आमचं गाव धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत आहे, आणि बांध्या संपल्या की लगेच जंगल. पावसाळ्यात साप बेडकांच्या मागे घरात येतात, आणि घरात बाथरूमइतकी गार, ओली जागा दुसरी नाही. आमच्या शेजारणीला मण्यार चावली ती बाथरूममध्येच. राखाडी सिमेंटच्या भिंतीला लागून ती काळी लांबडी पडून होती, शेजारणीला दिसलीच नाही. बाई वाचली, पण गल्लीतल्या सगळ्यांनी धसका घेतला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ज्याने त्याने आपापलं बाथरूम पांढरं करून घेतलं. मी तर फरशी पांढरी घेतली, संडासाचं भांडं पांढरं घेतलं, बादलीसुद्धा पांढरी आणली. मुंगी चालली तरी दिसली पाहिजे, असा माझा हट्ट होता.

पण बाथरूम बांधायला घेतलं ते सापाच्या भीतीने नाही. पहाटे नाल्याकडे गेलेल्या पलीकडच्या गावातल्या एका बाईला वाघाने नेलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, की माझ्या सासूबाईंनी आता बाहेर जायचं नाही. जुना संडास होता आमच्याकडे, घरामागच्या वाडीच्या टोकाला. त्यात आम्ही सरपण ठेवत होतो. हसू नका, गावात अर्ध्या घरी हेच आहे. शिवाय वाडीचं टोक म्हणजे जनावराच्या वाटेवरच. म्हणून नवं बांधकाम घराला चिकटून केलं, दार घरातूनच ठेवलं.

सासूबाईंना मी आई म्हणते. सत्तरी ओलांडली आहे त्यांनी. मोतीबिंदू काढून झाला, पण डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदाच थकलाय, आता आहे तेवढंच दिसेल. तरी आमच्या जुन्या मातीच्या घरात त्या अशा वावरतात की पाहुण्याला शंका यायची नाही. चुलीपासून माठापर्यंत, माठापासून देवापर्यंत सरळ जातात, कुठे अडखळत नाहीत. त्यामुळे त्यांना अंधुक दिसतं हे आमच्याच लक्षात राहत नव्हतं. रंगाचं तर त्यांना कुणी विचारलंही नाही.

धान कापून झालं होतं. थंडीतली पहाट होती. मला जाग आली तर आईंचं अंथरूण रिकामं. मी बाथरूममध्ये डोकावले, फरशी कोरडी ठणठणीत. मागचं दार पाहिलं तर कडी काढलेली. कोनाड्यातला लोटाही जागेवर नाही. तेवढ्यात नाल्याकडून वानरं खाकरायला लागली. वानरं तशी उगाच ओरडत नाहीत, आणि ती तशी ओरडली की काय समजायचं हे इथल्या लेकरालाही शिकवावं लागत नाही.

मी ह्यांना गदागदा हलवलं. त्यांनी काठी घेतली, मी जेवायची थाळी आणि लाटणं घेतलं आणि बडवत निघाले. बांध्यांवर धुकं इतकं की चार हातांपलीकडचं दिसेना. मी थाळी बडवतच राहिले. देवा, पायापाशी लुगड्याची चिंधी येऊ नको देऊ, असं मी मनात म्हणत होते. हो, असंच म्हणत होते, मरणाचे विचार माणसाला विचारून येत नाहीत.

आणि मग शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून आई येताना दिसल्या. पाय चाचपत, सावकाश, हातात लोटा.

"भांडे कायले बडवून राह्यली वं सकाळी सकाळी?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी पुढे होऊन आईंच्या हातातला लोटा घेतला. माझी मात्र जीभ सुटली. "बाथरूम कायले बांधलं मंग? वानरं ओरडून राह्यले ते ऐकू नाई येत का तुमाले? रोज येता का इकडे?"

"रोज नाई येत," त्या म्हणाल्या. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "येतो रोज."

घरी आल्यावर मी चहा ठेवला, तो उतू गेला, पुन्हा ठेवला. आई चहा प्यायल्या, उठल्या आणि माझा हात धरून मला बाथरूमच्या दारात घेऊन गेल्या.

"काय दिसते तुले इथी?"

"बाथरूम दिसते."

"मले नुसतं दूध दिसते. भिंत कुठी सरली, फरशी कुठी लागली, भांडं कुठी हाय, काई समजत नाई. पयल्या दिवशी गेली तं भिंत धरून उभीच राह्यली. पाय उचलाची हिंमत नाई झाली. तशीच मांगं फिरली."

"मंग सांगाचं नाई का, आई?"

"मायी बहीण अशीच पडली. खुबा मोडला तिचा. मरेपर्यंत खाटेवर होती, समदं सुनेच्या हातानं. मी पाह्यलं ना." त्यांनी माझा हात सोडला. "जनावरानं नेलं तं तुमचं एका दिवसाचं रडणं हाय, बाई. खुबा मोडला तं रोजचं."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. ही बाई रोज पहाटे तराजू घेऊन बसत होती, एका पारड्यात वाघ आणि दुसऱ्यात मी, आणि वाघ हलका निघत होता. मी त्यांना काहीबाही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खालून पट्टा मार. आपल्या घरात हाय तसा. भांड्याभोवती बी मार."

आमच्या मातीच्या घरात भिंती वरून पांढऱ्या मातीने पोतारलेल्या असतात आणि खाली, जमिनीला लागून, वीतभर शेणाचा गडद पट्टा असतो. सणावाराला तो मीच सारवते. शोभेसाठीच सारवतेय, असंच मला वाटायचं. आई सगळं घर त्या पट्ट्यावरून चालत होत्या.

दुपारी हे मूलला जाऊन हिरवा ऑइलपेंट घेऊन आले, अगदी गडद. फरशीवर टिकायचा नाही म्हणाले, पण निघाला की पुन्हा मारू. त्यांनी ब्रश बुडवला आणि मला मण्यार आठवली. साप चालतो तो भिंतीच्या कडेनेच. त्याच कडेला आम्ही काळसर हिरवा रंग फासणार होतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मी ह्यांचा हात धरला.

"आई, मण्यार तिथूनच जाते. या रंगावर ते दिसन का तुमाले?"

आई दारात स्टुलावर बसल्या होत्या. "अन् पांढऱ्यावर दिसन, असं वाटलं होतं का तुले?"

ह्यांच्या ब्रशवरून रंग खाली ठिबकत राहिला.

"साप तू पाह्यजो," आई म्हणाल्या. "मले भिंत दिसू दे."

आता पहाटे आधी मी उठते. टॉर्च आणि काठी घेऊन आत जाते, बादली उचलून बघते, दारामागे बघते, पट्ट्याच्या कडेकडेने उजेड फिरवते. मग पुन्हा एकदा फिरवते. भीती जात नाही ती नाहीच. त्यानंतर आई आत जातात, हिरव्या कडेने, न अडखळता, आणि मी दाराबाहेर उभी राहते. बादलीचा आवाज थांबला की मी दाराला कान लावते.

"आई?"

"हाव वं बाई, जित्ती हाय मी," आतून चिडका आवाज येतो. "आंघोळ तं करू दे."